टॅपेट कव्हरवर पावडर कोटिंगनंतर पुन्हा पुन्हा फोड: दोष शोधायचा कुठे?

माझ्या जुन्या मारुती एस्टीमचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, मी तीनदा पावडर कोटिंगला दिलं (विजेच्या भाराने कोरडी पावडर धातूवर चिकटवायची आणि भट्टीत भाजायची) आणि तिन्ही वेळा त्यावर फोड आले. पहिल्यांदा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, दुसऱ्यांदा त्याच गाळ्यात पण त्यांच्या खर्चाने, तिसऱ्यांदा दोन रोड सोडून दुसरीकडे. पावडरची कंपनी बदलली, रंग बदलला, गुळगुळीत लाल जाऊन खरबरीत काळा आला. फोड आपले जिथल्या तिथे. चौथ्या वेळी मात्र जमलं, आणि त्या कोटिंगने ठाण्याचा एक अख्खा पावसाळा काढलाय, म्हणून आता लिहायची हिंमत करतोय.

घाईत असाल तर एवढंच वाचा: फोड दर वेळी त्याच जागी येत असतील तर दोष पार्टमध्ये आहे. दर वेळी जागा बदलत असेल तर दोष गाळ्यात आहे, म्हणजे हवेत, पावडरीत किंवा हाताळण्यात. मी तीन वेळा पैसे आणि शनिवार घालवले ते जागा न बघितल्यामुळे.

आधी फोड फोडून बघा

गाळ्यावर सगळ्यालाच ‘बबल आला’ म्हणतात. घड्याळवाल्याचं दहापट भिंग आणि शिवणाची सुई घेऊन बसलात की तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक, किंवा सुईने दाबली की टचकन फुटणारी पोकळ पुळी: हे वायूचं काम. पावडर भट्टीत वितळते, काही मिनिटं पातळ राहते आणि मग घट्ट होते. त्या मधल्या वेळात धातूच्या आतून हवा, वाफ किंवा तेलाचा धूर वर आला तर पुळी उठते. थर आळायला लागल्यावर वायू फुटून बाहेर पडला तर मागचं भोक बुजत नाही, तसंच राहतं.

बशीसारखा उथळ खड्डा, कड जराशी उचललेली आणि तळाशी धातू उघडा: इथे वायूचा संबंध नाही. त्या जागी तेल किंवा सिलिकॉन होतं आणि वितळलेली पावडर तिथून मागे सरली, तेलकट ताटावर पाणी पसरत नाही तशी.

तिसरा प्रकार कोटिंग झाल्या दिवशी दिसतच नाही. पाच-सहा महिन्यांनी बोल्टच्या भोकाशी किंवा कडेला थर उचलला जातो. खाली अॅल्युमिनियम असेल तर पांढरी भुकटी, लोखंड असेल तर तांबडं पाणी. त्यावर पुढे बोलू.

माझ्याकडे पहिला प्रकार होता. तिसऱ्या कोटिंगची एक पुळी फोडली तर तिच्या आतल्या अंगाला तपकिरी डाग होता आणि नाकाशी नेल्यावर जळक्या ऑइलचा वास आला. खरं तर तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी मात्र पावडर भेसळीची आहे असं ठरवून मोकळा झालो.

रबाळ्याचे काका

एका मित्राने रबाळे एमआयडीसीतल्या एका कारागिराचं नाव सुचवलं. कव्हर पिशवीत घातलं आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली. काका साठीच्या पुढचे. त्यांनी कव्हर हातात घेऊन आधी चक्क हुंगलं.

“आधीच्या वेळचे फोटो आहेत का?”

मोबाइलमध्ये होते, भांडायला काढून ठेवलेले. काकांनी मार्कर घेतला, फोटोत दिसणारे फोड कव्हरवर एकेक करून गोल करून दाखवले. दोन घोळके झाले. एक ब्रीदरच्या नळीच्या बुडाशी, दुसरा मागच्या बाजूला दोन उंचवट्यांभोवती. बाकी कव्हर स्वच्छ.

“तिन्ही वेळा हीच जागा. मग पावडरवाल्याला कशाला शिव्या घालताय साहेब?”

“पण काका, दोनदा ब्लास्टिंग झालंय. हवेच्या दाबाने बारीक दाणे मारून पांढरंशुभ्र करून दिलं होतं.”

“बाहेरून. आतला पत्रा कोणी काढला?”

कोणीच नाही. टॅपेट कव्हर उलटं केलं की आत बऱ्याच इंजिनांत एक दाबून बनवलेला पत्रा दिसतो. इंजिनातून वर येणारी तेलाची वाफ त्यावर आपटते, तेल खाली पडतं आणि उरलेली हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. म्हणजे त्या पत्र्यामागे आयुष्यभराचं तेल साचतं. धुताना तिथे ब्रश पोचत नाही. भट्टीत तापल्यावर ते पातळ होतं, स्क्रूच्या भोकांतून आणि ओतीव धातूच्या बारीक छिद्रांतून झिरपतं आणि जळतं. माझे दोन्ही घोळके बरोबर पत्र्याच्या वर होते.

माझ्या कव्हरात पत्रा स्क्रूंवर होता. एक स्क्रू इतका जाम की काकांनी त्याला चहा होईपर्यंत तेलात भिजवून ठेवला. पत्रा निघाला आणि मागून चमचाभर काळा, डांबरासारखा गोळा बाहेर आला. त्यात साखरेसारखे बारीक पांढरे दाणे चमकत होते. मी बोटांत चोळून बघितले. कचकच लागली. ते ब्लास्टिंगचे ग्लास बीड होते, पहिल्या दोन वेळांचे, पत्र्यामागे जाऊन तेलात रुतलेले.

पोटात गोळा आला तो तेव्हा. तिसऱ्यांदा फोड आले नसते तर मी ते कव्हर आनंदाने बसवलं असतं आणि गरम तेलाने सोडवलेले ते काचेचे दाणे थेट कॅमशाफ्टवर आणि तिथून बेअरिंगांपर्यंत गेले असते. फोडांनी इंजिन वाचवलं म्हणायचं. म्हणून पहिली गोष्ट हीच: पत्रा काढल्याशिवाय टॅपेट कव्हर ब्लास्टिंगला देऊ नका. पत्रा रिव्हेटवर असेल तर रिव्हेट ड्रिल करून काढा आणि परत बसवताना आटे पाडून स्क्रू मारा, त्यांना थ्रेड लॉक लावा. तो स्क्रू सुटून आत पडला तर फोड परवडले अशी वेळ येते. रिव्हेट काढणं जमणार नसेल तर ब्लास्टिंगचा नाद सोडा, हाताने घासून साधा रंग मारा. त्यात कमीपणा काही नाही.

आतलं आत असतानाच बाहेर काढायचं

ओतीव अॅल्युमिनियम भरीव दिसतं, पण आतून थोडंफार जाळीदार असतं. या छिद्रांत वर्षानुवर्षं तेल मुरतं. त्यात मेकॅनिक डिझेलने धुऊन देतो, पार्ट चकचकीत दिसतो आणि डिझेलही आत जाऊन बसतं. नुसती हवा असली तरी ३० अंशांवरून २०० अंशांवर जाताना ती दीडपटीहून जास्त फुगते. पाणी असेल तर विचारूच नका, त्याची वाफ दीड हजार पटींच्या पुढे जाते.

काकांनी केलं ते असं. आधी डिग्रीझर, मग डिटर्जंट आणि कढत पाणी, आतून-बाहेरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पूर्ण वाळवलं. मग रिकामंच कव्हर भट्टीत, २२५ अंशांवर तासभर. पावडर पुढे २०० अंशांवर भाजायची असेल तर ही कोरी भाजणी तिच्याहून २०-३० अंश वर हवी आणि वेळही जास्त हवा. जे निघायचं ते आधीच निघून जावं, पावडर वर असताना काही शिल्लक राहू नये. बाहेर आल्यावर त्या दोन जागी तपकिरी घाम फुटल्यासारखे डाग होते. पुसले, धुतले, पुन्हा भाजलं. दुसऱ्या वेळी एकच डाग. तिसऱ्या वेळी कोरडं. तेव्हाच त्यांनी पावडर हातात घेतली.

भाजणी झाल्यावर ब्लास्टिंग हलक्या हाताने, कमी दाबावर, बारीक दाण्याने. जोरात मारलं तर वरची घट्ट कातडी उडते आणि खालची बंद छिद्रं उघडी पडतात. माझं ‘पांढरंशुभ्र’ करण्याच्या हौसेने हेच झालं होतं, दुसऱ्या वेळचे फोड पहिल्याहून जास्त होते. दाणा अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा ग्लास बीडचा मागा. ज्या कॅबिनेटमध्ये लोखंडी ग्रिट फिरते तिथे अॅल्युमिनियम देऊ नका, रुतलेले लोखंडी कण नंतर गंजतात. ब्लास्टिंगनंतर कव्हराला उघड्या हाताने कोणी शिवायचं नाही. काका हातमोजे घालून उभे होते, शेजारचा पोऱ्या कौतुकाने अंगठा टेकवायला आला तर त्याला ओरडा बसला.

तरीही एखाद-दुसरं भोक येण्याची शक्यता वाटली तर ओतीव पार्टांसाठी बेंझॉइनचं प्रमाण वाढवलेली पावडर किंवा तसा प्रायमर मिळतो. बेंझॉइनमुळे थर जास्त वेळ मोकळा राहतो आणि वायूला वाट मिळते. पण ती पावडर म्हणजे भाजणीला पर्याय नव्हे. तेल आत असेल तर कुठलीही पावडर हरते.

दोन धोके इथेच सांगतो. डिझेल, पेट्रोल किंवा थिनरने ओला असलेला पार्ट भट्टीत घालायचा नाही, आग लागते. आणि ही २२५ अंशांची भाजणी टॅपेट कव्हरला चालते म्हणून सगळ्याला चालत नाही. हीट ट्रीटमेंट केलेले अॅल्युमिनियमचे वजन पेलणारे पार्ट, म्हणजे व्हील, सस्पेन्शनचे हात, काही माउंटिंग, ते तासभर इतके तापवले की त्यांची ताकद उतरते.

तापमान कोणाचं मोजताय?

वागळेतल्या गाळ्यात भट्टीच्या दारावर लाल आकड्यांत २०० दिसत होतं, पण ते हवेचं. ग्रिल आणि रॅकच्या पत्र्याला तेवढं पुरतं. जाड ओतीव पार्ट मागे राहतो. ‘२०० अंश, १० मिनिटं’ असं पावडरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं तेव्हा ती दहा मिनिटं धातू २०० ला पोचल्यापासून मोजायची.

इन्फ्रारेड गन असेल तर सांभाळून. उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते आणि आपण भट्टी वाढवत बसतो. बोल्टच्या भोकात अडकवलेली थर्मोकपलची (धातूला टेकून तापमान मोजणारी) वायर खरं बोलते. कच्चं राहिलंय का याची साधी परीक्षा: फडक्याला थिनर लावून आतल्या न दिसणाऱ्या कडेवर घासा. फडक्यावर किंचित रंग आला तर ठीक, थर मऊ पडून चिकट झाला तर कच्चं आहे. तसं कव्हर ऑइल आणि पेट्रोलसमोर टिकणार नाही.

जागा बदलत असेल तर

मग पार्टला सोडा आणि हवेकडे बघा. जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा तुम्हाला सांगायला नको. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ड्रेन कॉक दिवसेंदिवस कोणी उघडत नाही आणि ते पाणी तेलासकट पावडरच्या गनमधून येतं. गनच्या हवेसमोर स्वच्छ पांढरा कागद मिनिटभर धरायला सांगा. डाग किंवा ओल दिसली तर त्या दिवशी पार्ट परत घेऊन या.

पावडरही ओल धरते. चांगली पावडर हलवली की पाण्यासारखी वाहते. ओल धरलेली मुठीत दाबली की लाडू वळतो आणि गन मधूनमधून थुंकते, त्या गुठळ्या मग थरावर पुळ्यांसारख्या दिसतात. उघडं खोकं पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेलं दिसलं तर मी तरी ती पावडर घेत नाही.

बशीसारख्या खड्ड्यांचा गुन्हेगार बहुतेक वेळा आपणच असतो. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटला आपले मेकॅनिक हात सैल सोडून सिलिकॉन लावतात. ते खरवडून काढलं तरी पापुद्रा राहतो, ब्लास्टिंगचा दाणा त्यावरून उसळतो, आणि थोडंसं जरी कॅबिनेटमध्ये गेलं तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या पार्टवरही खड्डे. ब्लेडने आणि सिलिकॉन रिमूव्हरने ते घरीच साफ करून द्या. डॅशबोर्डला मारायचा चकाकीचा स्प्रे त्या खोलीत उडवू नका, त्यातही सिलिकॉन असतं.

फोड आलेल्या थरावर पुन्हा पावडर मारणे

तिसऱ्या वेळी माझ्या कव्हरवर हेच झालं. पॉलिश पेपर फिरवला आणि वरून अजून एक हात. खालचा थर वीज अडवतो, त्यामुळे पावडरला पुरेसं अर्थिंग मिळत नाही, वरच्या थरात भार साचून उलट ठिणग्या उडतात आणि चांदण्यांसारखे बारीक खड्डे पडतात. शिवाय जाडी वाढते. ६० ते ८० मायक्रॉन पुष्कळ झाले, ‘जरा जाड मारा’ हा आग्रह सोडा. जुना थर पूर्ण काढायचा आणि अर्थिंगचा हूक दर वेळी घासून उघडा करायचा, कारण हुकावरही आधीच्या कामांची पावडर भाजलेली असते.

जुना थर काढताना ‘कॉस्टिक सोड्यात टाकू का?’ असं विचारलं तर ठाम नाही म्हणा. लोखंडी ग्रिलला ते चालतं, अॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं. माझ्या मित्राचं अल्टरनेटरचं ब्रॅकेट असं एका रात्रीत काळं आणि कुरतडलेल्या खारी बिस्किटासारखं झालं. अॅल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर वापरा आणि तोही छिद्रांत उरू नये म्हणून नंतर पुन्हा धुवा, पुन्हा भाजा.

सहा महिन्यांनी उचलणारा थर हा पावडरीआधीच्या धुलाईचा दोष. लोखंडी ब्रॅकेटला गाळेवाले ज्याला सेव्हन टँक म्हणतात ती फॉस्फेटची प्रक्रिया करून घ्या, अॅल्युमिनियमला क्रोमेटिंग. आणि हे दोन एकाच टाकीत करतो म्हणणाऱ्याकडून पार्ट परत आणा. गॅस्केटची खाच, बोल्टच्या बैठकी, आटे हे सगळं हिरव्या हीट टेपने आणि सिलिकॉन बुचांनी झाकलेलं हवं. बोल्टच्या डोक्याखाली पावडर राहिली तर ती गरम होऊन दबते, बोल्ट सैल पडतो आणि तेल गळायला लागतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हे काहीच लागू नाही. तिथे पावडर जळून जाते, सिरॅमिक कोटिंग करा.

बोल्ट आणि झिंक

कव्हर नवं झालं की बाजूचे गंजके बोल्ट खुपायला लागतात आणि मग सगळे एका डब्यात भरून झिंक प्लेटिंगला जातात. खाडीजवळ राहणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: दोन महिन्यांत झिंकवर पांढरी पूड. तो झिंकचाच गंज. झिंक जेमतेम आणि वरचं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकला जपणारा पातळ रासायनिक थर, नावापुरतं असलं की असं होतं. आठ-दहा मायक्रॉन झिंक आणि नीट पॅसिव्हेशन मागा. मात्र बारीक आट्यांवर नट घट्ट होईल, कारण आट्याच्या उतारामुळे व्यास थराच्या चौपट वाढतो.

खरा धोका दिसत नाही तिथे आहे. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेला बोल्ट कडक पोलादाचा असतो. आम्लात बुडवताना आणि प्लेटिंग करताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. कसताना काही वाटत नाही, पण काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या जागी डोकं तुटून पडतं. यावर उपाय म्हणजे प्लेटिंग झाल्यापासून चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर निदान चार तास भाजणं, आणि तेही पॅसिव्हेशनच्या आधी, कारण त्या उष्णतेत पॅसिव्हेशन टिकत नाही. सुट्या बोल्टांसाठी एवढं कोणी करेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून ८.८ पर्यंतचे बोल्ट प्लेटिंगला देतो, त्यापुढचे, तसेच हेड बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट आणि कुठलीही स्प्रिंग डब्यात टाकतच नाही.

घरी व्हिनेगरमध्ये झिंक चढवणारे व्हिडिओ मीही बघितलेत, दोन क्लिपांवर करूनही पाहिलं. ठीक होतं. फक्त अॅनोड म्हणून स्टेनलेसचा चमचा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. उरलेलं पाणी सोसायटीच्या मोरीत ओतायचं नाही. पावडरही घरी ओटीजीत भाजता येते, मी गॅलरीत एक छोटं ब्रॅकेट केलं. त्यानंतर त्या ओटीजीत नानकटाई करायची नाही हे घरात तीनदा सांगावं लागलं. गॅसच्या ओव्हनजवळ तर पावडर उडवायचीच नाही, हवेत तरंगणारी पावडर पेट घेते.

आता मी पार्ट देताना चिठ्ठी चिकटपट्टीने पिशवीवर लावतो. तिच्यावर असतं: पत्रा काढला आहे, आत दाणा जाऊ देऊ नये. कॉस्टिक नको. रिकामं २२५ अंशांवर एक तास, डाग आले तर धुऊन पुन्हा. मग ६०-८० मायक्रॉन. झाकायच्या जागा मार्करने दाखवल्या आहेत. पहिल्यांदा काकांना ती दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावून वाचली, ‘एक तास’ खोडून ‘कोरडं होईपर्यंत’ केलं आणि चिठ्ठी परत दिली.

चौथ्या कोटिंगला मागच्या उंचवट्याशी एक भोक आलंच, टाचणीच्या टोकाएवढं. काका म्हणाले परत करून देतो. मी तसंच बसवलं. इग्निशनच्या वायरीखाली येतं, मला सोडून कोणाला दिसत नाही.